‘परतीचे दोर कापणे’ : एका वाक्प्रचाराचा अर्थ आणि उगम

मागील घटकात आपण वाक्प्रचार आणि म्हण यांतील भेद पाहिला. प्रस्तुत घटकात एकच वाक्प्रचार घेऊन त्याचा अर्थ, त्याच्यामागील कथा आणि त्याचा वापर यांचा थोडा सविस्तर विचार करावयाचा आहे. निश्चयाचा, म्हणजेच मागे न फिरण्याच्या निर्धाराचा आशय व्यक्त करणारे शब्दप्रयोग बहुतेक भाषांत आढळतात. ते एकमेकांचे पर्याय म्हणून कोशात शेजारी शेजारी मांडले जातात. ते खरोखर कितपत पर्याय असतात, हे पाहणे हा या घटकाचा हेतू आहे.

प्रस्तावना

समजा, भाषांतरासाठी आपणास एक इंग्रजी उतारा दिला आहे. माण तालुक्यातील एक तरुण मुंबईतील नोकरीचा राजीनामा देतो, तेथील खोली विकतो आणि गावी येऊन डाळिंबाची बाग लावतो. उताऱ्याचा लेखक त्याच्याविषयी म्हणतो, ‘ही हॅज बर्न्ट हिज बोट्स’. याचे ‘त्याने आपल्या होड्या जाळून टाकल्या’ असे भाषांतर केले, तर एकही शब्द सुटणार नाही. परंतु ज्या माणदेशात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे होड्या आल्या कोठून, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याऐवजी ‘त्याने परतीचे दोर कापून टाकले’ असे लिहिले, तर वाचक अडखळत नाही. वास्तविक दोरही त्या तरुणाजवळ नव्हता. तरीही मराठी वाचकाला तो खटकत नाही, कारण या दोराची कथा त्याने शाळेत असतानाच ऐकलेली असते.

भाषांतर म्हणून हा पर्याय योग्यच आहे. पण अभ्यासक म्हणून आपणास येथे थांबता येत नाही. नावा जाळणारा आणि दोर कापणारा हे दोघे एकच कृती करतात काय? दोन्ही कथा जवळून पाहिल्यावर या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते.

नावा जाळण्याची कथा

युरोपीय परंपरेत या प्रयोगाचा संबंध एकापेक्षा अधिक घटनांशी जोडला जातो. त्यांतील जुनी आणि महत्त्वाची घटना इसवी सनापूर्वी ३१० सालची आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूस नगराला कार्थेजच्या सैन्याने वेढा घातला असता तेथील सत्ताधीश आगाथोक्लीस काही फौज घेऊन समुद्रमार्गे निसटला आणि थेट कार्थेजच्या भूमीवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. उतरताच त्याने आपली जहाजे पेटवून दिली. देवींना केलेला नवस फेडण्यासाठी आपण ही आहुती देत आहोत, असे त्याने सैनिकांना सांगितले. खरे कारण व्यावहारिक होते. जहाजांच्या रक्षणासाठी माणसे मागे ठेवणे त्याला परवडणारे नव्हते, आणि परतीचा मार्ग उरला नाही म्हणजे सैन्य जिवावर उदार होऊन लढेल, हेही तो जाणून होता.

दुसरी घटना अधिक प्रसिद्ध आहे. १५१९ साली स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. आपल्या सैन्यातील काही जण क्यूबाला परत जाण्याचा बेत करीत आहेत असे दिसताच त्याने आपली जहाजे निकामी करविली. त्याने ती जाळली, असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात ती किनाऱ्यावर चढवून मोडण्यात आली, आणि त्यांची शिडे, दोरखंड व लोखंडी सामान काढून जपून ठेवले गेले. पुढे हेच सामान नव्या नौका बांधताना उपयोगी पडले. लोकस्मृतीला मात्र मोडलेल्या जहाजांपेक्षा पेटलेली जहाजे अधिक भावली. वाक्प्रचारांच्या उगमाचा शोध घेताना ही बाब सतत ध्यानात ठेवावी लागते : भाषा घटनेचे जतन करीत नाही, ती घटनेतील चित्राचे जतन करते, आणि ते चित्र ठसठशीत व्हावे म्हणून त्यात बदलही करते.

चिनी भाषेतही याच आशयाचा प्रयोग आहे. इसवी सनापूर्वी २०७ साली श्यांग यू या सेनानीने नदी ओलांडल्यावर आपल्या नावा बुडविल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैनिकांजवळ केवळ तीन दिवस पुरेल एवढेच अन्न ठेवले. ‘भांडी फोडणे, नावा बुडविणे’ हा त्यावरून आलेला चार अक्षरांचा प्रयोग आजही रूढ आहे. परतीच्या वाटेबरोबर दुसऱ्या दिवसाचे जेवणही नष्ट करणारा हा सेनानी इतरांपेक्षा एक पाऊल पुढे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘रुबिकॉन ओलांडणे’ हा प्रयोग मात्र या गटात बसत नाही, जरी इंग्रजी कोशांत तो याच अर्थाजवळ ठेवलेला असतो. इसवी सनापूर्वी ४९ साली ज्युलियस सीझरने सैन्यासह रुबिकॉन ही छोटी नदी ओलांडली. सेनापतीने सैन्य घेऊन इटलीच्या भूमीत येऊ नये असा रोमचा कायदा होता, त्यामुळे नदी ओलांडताच तो बंडखोर ठरला. तेथे काहीही जाळले वा तोडले गेले नाही. नदी होती तशीच राहिली आणि पाण्यातून परत येणेही शक्य होते, पण कायद्याच्या दृष्टीने परतणे अशक्य झाले होते. आपल्याकडील ‘लक्ष्मणरेषा ओलांडणे’ हा प्रयोग त्याच्याशी बाह्यतः मिळताजुळता वाटतो, परंतु त्यात मर्यादाभंगाचा दोष अभिप्रेत असतो, निश्चयाचे कौतुक नसते.

कोंढाण्याचा दोर

आता आपल्या दोराकडे वळू. १६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार कोंढाणा किल्ला मोगलांकडे गेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला आणि त्या लढाईत ते कामी आले. तानाजींचे मूळ साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात असल्याचे मानले जाते. त्यांची समाधी पोलादपूरजवळ उमरठ येथे आहे. लढाई पुणे परिसरातील गडावर झाली असली, तरी ती लढणारी माणसे सह्याद्रीच्या या दऱ्याखोऱ्यांतील होती.

ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मावळे दोरावरून कडा चढतात. उदेभानाशी झुंजताना तानाजी पडतात. नायक पडलेला पाहून मावळे कड्याकडे पळू लागतात. आणि तेथे सूर्याजी मालुसरे उभे असतात. ते सांगतात की दोर कापून टाकले आहेत, आता कड्यावरून उड्या टाकून मरा, नाही तर लढून मरा. मावळे उलटतात आणि गड जिंकतात.

या कथेचे लिखित आधार पाहू लागल्यास एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्राची बखर लिहिली. घटनेच्या काळाला जवळ असलेल्या या बखरीत कोंढाण्याचे वर्णन आहे. निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढून गेल्याचे, नंतर ‘माळ’ लावून म्हणजे दोराची शिडी सोडून उरलेले लोक वर घेतल्याचे, तानाजी आणि उदेभान यांच्या द्वंद्वाचे आणि सूर्याजींनी हिंमत धरून लोक सावरल्याचे त्यात सांगितले आहे. मात्र सूर्याजींनी दोर कापल्याचा उल्लेख तेथे नाही. सभासदांच्या सूर्याजींना त्याची गरज पडत नाही; ते नुसती हिंमत धरतात आणि तेवढ्यावर काम होते.

दोराचा प्रसंग आपणास ग्रँट डफ यांच्या इतिहासात स्पष्टपणे भेटतो, आणि येथे साताऱ्याचा संबंध पुन्हा येतो. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ ते १८२२ या काळात जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) हे साताऱ्यास इंग्रजांचे प्रतिनिधी होते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी असताना त्यांनी जुनी कागदपत्रे, बखरी आणि जाणत्यांच्या तोंडची माहिती जमविली. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचे मराठी भाषांतर केले, आणि ते ‘बखर’ या नावानेच मराठी वाचकांत पसरले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावर पुढे जी टीका केली, ती मराठी इतिहासलेखनात महत्त्वाची मानली जाते. पण तो स्वतंत्र विषय आहे.

डफ यांच्या कथनात सूर्याजी राखीव तुकडी घेऊन वर येतात, मागे हटणाऱ्या मावळ्यांना थोपवितात, पित्यासमान नायकाचा देह विटंबनेसाठी मागे टाकून जाणार काय असे विचारतात, आणि दोर नष्ट झाल्याचे सांगतात. यातील ‘सांगतात’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. दोर कोणी कापले, केव्हा कापले, किंबहुना खरोखर कापले होते काय, याविषयी तेथे काही नाही. अंधारात, कड्याच्या टोकाशी, पाठीवर शत्रू असताना कोण खात्री करून पाहणार? डफ यांच्या सूर्याजींचे शस्त्र शब्द हे आहे. पुढील काळातील पाठ्यपुस्तकांनी, नाटकांनी आणि चित्रांनी सूर्याजींच्या हातात तलवार दिली आणि दोरावर घाव घातला. कोर्तेसची मोडलेली जहाजे जशी पेटली, तसेच हे घडले.

याचा अर्थ दोराची कथा खोटी आहे, असा नव्हे. एखादी गोष्ट एका बखरीत नाही, एवढ्यावरून ती घडलीच नाही असे ठरत नाही, आणि वाक्प्रचाराच्या अभ्यासाला त्या निर्णयाची आवश्यकताही नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की मराठी समाजाने कोंढाण्याच्या अनेक तपशिलांतून दोराची निवड केली आणि त्याला भाषेत स्थान दिले.

किंबहुना या एका प्रसंगाभोवती मराठीचे तीन प्रयोग एकत्र येतात. मोहिमेवर निघताना तानाजी वस्त्रे आणि विडे स्वीकारतात. ‘विडा उचलणे’ हा प्रयोग याच दरबारी रीतीतून आलेला आहे. भर दरबारात तबकात ठेवलेला विडा जो उचलेल, त्याने ती कामगिरी अंगावर घेतली असे समजले जाई. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलल्याचे सांगतात, आणि त्याचा शेवट १० नोव्हेंबर १६५९ रोजी आजच्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला. तिसरा प्रयोग ‘गड आला पण सिंह गेला’ हा. एक गड मिळाला पण दुसरा गमावला, या आशयाचे शिवाजी महाराजांचे उद्गार सभासदांनी नोंदविले आहेत. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीच्या नावामुळे ‘सिंह’ असलेले रूप सर्वतोमुखी झाले. विडा कामाच्या आरंभी येतो आणि सिंह गेल्याची हळहळ शेवटी. दोर मात्र मध्यावर येतो, जेव्हा काम फसण्याच्या बेतात असते.

निर्णय कोणाचा?

दोन्ही कथांतील मुख्य भेद या ‘मध्या’त आहे. आगाथोक्लीस आणि कोर्तेस यांनी जहाजे नष्ट केली तेव्हा लढाई सुरूही झाली नव्हती. ती थंड डोक्याने केलेली योजना होती, आणि ती करणारा स्वतः सेनानी होता. कोंढाण्यावर नायक पडलेला आहे, माणसे पळत आहेत आणि पराभव डोळ्यांसमोर आहे. तेथे दोर कापणारा आपल्या स्वतःच्या निश्चयासाठी दोर कापत नाही, तो इतरांची पळवाट बंद करतो. ज्यांचा निर्धार ढळला आहे, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी घेतलेला हा निर्णय आहे.

हा भेद दोन्ही भाषांच्या व्याकरणातही उमटलेला दिसतो. इंग्रजी प्रयोगात नावांपूर्वी ‘आपल्या स्वतःच्या’ हे दर्शविणारे सर्वनाम यावेच लागते. दुसऱ्याच्या नावा जाळणे हा त्या प्रयोगाचा अर्थच नव्हे. मराठीत दोराला धनी नाही. ‘तिने परतीचे दोर कापले’ असे म्हणता येते, ‘वडिलांनी त्याचे परतीचे दोर कापले’ असेही म्हणता येते, आणि कर्त्याचा मुळीच उल्लेख न करता ‘आता परतीचे दोर कापले गेले आहेत’ असेही म्हणता येते. ही तिसरी वाक्यरचना मराठीत अत्यंत सहज वाटते. तिच्यात निश्चयापेक्षा अगतिकता अधिक असते.

म्हणून या वाक्प्रचाराच्या दोन छटा मानाव्या लागतात. एकीत कर्ता स्वतः दोर कापतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात आदर निर्माण होतो. दुसरीत दोर कापलेले असतात, आणि ऐकणाऱ्याला त्या माणसाची कणव येते. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की मूळ कथेच्या दृष्टीने दुसरी छटा गौण नसून तीच आधीची आहे. पळत सुटलेल्या मावळ्याच्या बाजूने पाहिल्यास कोंढाण्यावर दुसरे काय घडले होते?

वृत्तपत्रांतील राजकीय लिखाणात या प्रयोगाचा नकारार्थी वापर पुष्कळ आढळतो. पक्ष सोडून गेलेल्या एखाद्या नेत्याविषयी ‘त्यांनी परतीचे दोर अद्याप कापलेले नाहीत’ असे लिहिले जाते. येथे वाक्प्रचार निर्धाराचा असूनही वर्णन धरसोडीचे असते. तसेच, ‘परतीचे’ हे विशेषण वगळता येत नाही हेही लक्षात ठेवावे. नुसते ‘दोर कापले’ म्हटल्यास ऐकणारा पतंगाकडे किंवा दावणीकडे पाहू लागेल. ‘परतीचा प्रवास’, ‘परतीची वारी’ यांत हेच विशेषण घराची ओढ सुचविते. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदाराला मात्र ‘परतीचा पाऊस’ या शब्दांनी धडकी भरते.

याच आशयाजवळचे अन्य मराठी प्रयोग थोडक्यात पाहावेत. ‘एक घाव दोन तुकडे करणे’ यात रेंगाळलेल्या वादाचा निकाल लावणे आहे. परतीचा संबंध नाही. ‘शेंडी तुटो वा पारंबी’ यात परिणामांविषयीची बेफिकिरी आहे. ‘कंबर कसणे’ ही केवळ तयारी. यांपैकी एकही ‘दोर कापण्या’ची जागा भरून काढू शकत नाही, कारण परतीची वाट होती आणि ती हेतुपुरस्सर नष्ट केली, हे त्यांतील एकही सांगत नाही.

एक कसोटी : सातारा, १९४२ ते १९४६

वाक्प्रचाराचा अर्थ नेमका कळला की नाही, हे प्रत्यक्ष घटनेला तो लावून पाहिल्याशिवाय समजत नाही. यासाठी जुन्या सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचे उदाहरण घेऊ. आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. (‘प्रतिसरकार’चे लोकांच्या तोंडी ‘पत्रीसरकार’ कसे झाले आणि बैलाच्या खुराला ठोकावयाच्या पत्रीशी त्याची सांगड कशी घातली गेली, हे ध्वनिपरिवर्तनाच्या घटकात पाहावे.)

क्रांतिसिंह नाना पाटील हे मूळचे तलाठी. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. त्यांच्याविषयी ‘परतीचे दोर कापले’ असे म्हणता येईल काय? निश्चितच, वाट होती, ती त्यांनी स्वतः तोडली आणि पुढील कार्यासाठी तोडली. ही पहिली छटा झाली.

२४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगातून पहारेकऱ्यांवर मात करून निसटले. तटावरून खंदकात उडी टाकल्यावर मागे जाणे शक्यच नव्हते. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना प्राण गमवावे लागले. वसंतदादा गोळी लागून जखमी झाले व पकडले गेले. येथे काही अभ्यासक हाच वाक्प्रचार योजतील. आमच्या मते तो येथे तितकासा योग्य नाही. तुरुंग ही त्यांची परतीची वाट नव्हती. परतीची वाट म्हणजे सुरक्षिततेची वाट, जिचा मोह पडू शकतो. तटावरून उडी टाकणाऱ्याला तुरुंगाचा मोह नसतो.

तिसरा प्रसंग अधिक अवघड आहे. मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली आणि त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला. देशात अन्यत्र अनेकांनी तो मानला. साताऱ्यातील बहुसंख्य कार्यकर्त्यांनी विचारविनिमय करून भूमिगत राहण्याचे ठरविले, आणि नाना पाटील १९४६ पर्यंत प्रकट झाले नाहीत. घरांवर जप्ती येत होती, कुटुंबीयांचा छळ होत होता, आणि ज्यांच्या शब्दावर चळवळ सुरू झाली तेच बाहेर या म्हणत होते. कोंढाण्याच्या भाषेत बोलायचे तर कड्यावरून दोर पुन्हा सोडला गेला होता. त्यांनी तो कापला नाही, धरलाही नाही.

याला ‘परतीचे दोर कापणे’ म्हणावे काय? काटेकोर अर्थाने नाही. दोर समोर लोंबत असताना न उतरणे ही दोर तुटल्यावर लढण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. त्यात निर्णय एकदाच घेऊन भागत नाही, तो रोज नव्याने घ्यावा लागतो. मराठीत यासाठी ‘माघार न घेणे’, ‘ठाम राहणे’ असे साधे शब्द आहेत. ‘दोर कापणे’ हा प्रयोग अधिक जोरकस वाटतो म्हणून तो तेथे घातल्यास त्या माणसांनी जे केले ते कमी करून सांगितल्यासारखे होते.

सरावासाठी स्वाध्याय

दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आपल्या अभ्यासकेंद्रात किंवा जवळच्या ग्रंथालयात मिळवून निश्चय आणि अनिश्चय या दोन्ही आशयांचे प्रत्येकी पाच प्रयोग शोधा. ‘तळ्यात मळ्यात करणे’ आणि ‘भिजत घोंगडे पडणे’ या दोन प्रयोगांची तुलना करताना पहिला मुलांच्या खेळातून आणि दुसरा मेंढपाळांच्या जीवनातून आला आहे, याचा अर्थावर काय परिणाम झाला ते दहा ओळींत लिहा. जत, आटपाडी किंवा माण भागातील विद्यार्थ्यांनी भिजलेले घोंगडे वाळावयास किती दिवस लागतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.

प्रस्तावनेतील माणच्या तरुणाविषयीच्या वाक्याचे तीन प्रकारे भाषांतर करा : एकदा तरुणाच्या आईच्या तोंडी, एकदा त्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याच्या तोंडी आणि एकदा त्याच्या स्वतःच्या तोंडी. प्रत्येक वेळी दोर कोणी कापले असे आपण लिहिले, ते तपासा.